कायदा हुद्दा बघत नाही, काम बघतो: नाशिकच्या छोट्या उद्योजकांसाठी कामगार कायद्याची तोंडओळख

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या आणि व्हॉट्सॲपवर दोन मेसेज फिरायला लागले. कामगारांच्या ग्रुपवर, 'आता हातात येणारा पगार कमी होणार'. मालकांच्या ग्रुपवर, 'आता कामावरून काढणं सोपं झालं'. दोन्ही अर्धवट आहेत. अंबड-सातपूरमध्ये तीस-चाळीस माणसांचं जॉबवर्क युनिट चालवणाऱ्याला, कॉलेज रोडच्या शोरूमवाल्याला किंवा दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये एचआर सांभाळणाऱ्याला या अर्धवट माहितीचा उपयोग शून्य. आपल्याकडे नेमकं काय लागू होतं आणि कुठे अडकायला होतं, हे त्यांना कळायला हवं.

छोटे मालक अडकतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. कागदावर एक नाव आणि जागेवर वेगळंच काम. 'भत्ता', 'ट्रेनी', 'कन्सल्टंट', 'ठेकेदाराचा माणूस', 'स्वखुशीने राजीनामा' ही सगळी नावं. कोर्टात किंवा कामगार आयुक्त कार्यालयात ती पहिल्या दहा मिनिटांत गळून पडतात आणि प्रत्यक्षात काय चाललं होतं तेवढंच उरतं.

चार संहिता, २९ कायदे

संहिता म्हणजे एकाच विषयावरचे अनेक कायदे एकत्र करून केलेला एक कायदा. जुने २९ केंद्रीय कायदे चार संहितांमध्ये बसवले आहेत. वेतन संहिता, २०१९ मध्ये किमान वेतन, पगार देण्याची मुदत, बोनस आणि स्त्री-पुरुष समान वेतन. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये युनियन, वाद, कामगार कपात, स्थायी आदेश (म्हणजे आस्थापनेचे लेखी सेवानियम). सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये पीएफ (भविष्य निर्वाह निधी), ईएसआय (कामगार राज्य विमा), ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांवर मिळणारी रक्कम), प्रसूती लाभ, अपघात भरपाई. चौथी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२०. तिच्यात कारखाने, ठेका कामगार, कामाचे तास, रजा.

सगळंच यात आलं असं समजू नका. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ वेगळा. लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा वेगळा. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा, व्यवसाय कर, कामगार कल्याण निधी हेही बाहेरच. नवे नियम पूर्ण लागू होईपर्यंतच्या काळात, संहितेशी विसंगत नसतील तिथवर जुने नियम चालू राहतील, असं सरकारनेच जाहीर केलं आहे. त्यामुळे 'जुनं सगळं रद्द झालं' म्हणून रजिस्टरं कपाटात टाकणारा मालक घाई करतोय.

पगार म्हणजे किती?

नव्या संहितांमधला हा सर्वांत महागडा प्रश्न. मोठे परिणाम इथेच आहेत, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्याकडची जुनी सवय अशी की बेसिक छोटं ठेवायचं आणि बाकीचा पगार भत्त्यांमध्ये पसरवायचा. पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस सगळं बेसिकवर मोजलं जातं, म्हणून बेसिक जितकं कमी तितकं मालकाला स्वस्त. वेतन संहितेने याला मर्यादा घातली. 'वेतन' म्हणजे मूळ पगार, महागाई भत्ता आणि रिटेनिंग भत्ता (काम बंद असलेल्या काळात माणूस धरून ठेवायला दिलेला). घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाचा पीएफचा हिस्सा अशा ठरावीक गोष्टी त्यातून वगळता येतात. पण वगळलेल्या गोष्टींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली, तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरायचा.

लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोणीचं वजन करताना बारदानाचं वजन वजा करतात. ते ठीकच. पण पन्नास किलोच्या गोणीत तीस किलो बारदान आहे असं कोणी म्हणालं तर हमालसुद्धा हसेल. कायदा आता तेच म्हणतो: बारदान निम्म्याच्या वर धरणार नाही.

आकड्यात बघू. एका मशीन ऑपरेटरला महिना ३०,००० रुपये मिळतात. बेसिक १०,०००, घरभाडे भत्ता १४,००० आणि प्रवास भत्ता ६,०००. (सोयीसाठी मालकाचा पीएफ हिस्सा बाजूला ठेवू.) वगळलेली रक्कम झाली २०,०००. निम्मा मोबदला १५,०००. वरचे ५,००० वेतनात परत आले, म्हणजे कायद्याच्या लेखी वेतन १५,०००.

याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो. पीएफ १२ टक्क्यांनी १०,००० वर १,२०० रुपये कापला जात होता, तो १,८०० होतो. कामगाराच्या हातात ६०० रुपये कमी येतात, पण ते त्याच्याच खात्यात जातात आणि मालकालाही तेवढेच जास्त भरावे लागतात. पीएफची वेतनमर्यादा १५,००० असल्याने सक्तीचा हिस्सा १,८०० च्या वर जात नाही. म्हणून आधीपासूनच १५,००० वर पीएफ भरणाऱ्या कंपनीत फंडामुळे हातातला पगार कमी होण्याचं कारण नाही. व्हॉट्सॲपवरचा मेसेज इथेच अर्धवट ठरतो.

दुसरा परिणाम ग्रॅच्युइटीत. हिशेब असा: शेवटचं वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. दहा वर्षांच्या सेवेला १०,००० वर ५७,६९२ रुपये होतात. १५,००० वर ८६,५३८. एका माणसामागे जवळपास २९,००० चा फरक. चाळीस माणसांचं युनिट असेल तर आपल्या सीएकडे बसून हा बोजा आजच मोजा. माणूस निवृत्त होताना मोजायला घेतलात तर पैसे उभे करायला उशीर झालेला असेल.

आता एक गोष्ट जी पगारपत्रकं बनवणारेही विसरतात. 'स्पेशल अलाउन्स' नावाचा सर्वांना सरसकट मिळणारा भत्ता वगळण्याच्या यादीत नाही. तो वेतनच. हे फार नवंही नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सांगितलं होतं की सर्वांना सरसकट दिला जाणारा भत्ता पीएफसाठी मूळ पगारातच धरायचा. संहिता आल्यावर धक्का बसल्यासारखं दाखवणारे बरेच जण २०१९ पासून झोपलेले होते, असं माझं मत.

किमान वेतनाचं थोडक्यात. पूर्वी ते फक्त यादीतल्या उद्योगांना होतं, संहितेने ते सर्वांना लागू केलं. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता (महागाईशी जोडलेला, वरच्या 'स्पेशल अलाउन्स'हून वेगळा) दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारी आणि जुलैमध्ये. दर परिमंडळानुसार, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भागांनुसार असतात. महापालिका हद्दीतला अंबडचा कारखाना आणि सिन्नर तालुक्यातला कारखाना एकाच परिमंडळात असतील असं गृहीत धरू नका. जुलैचं परिपत्रक नोव्हेंबरमध्ये बघितलं, तर मधल्या महिन्यांची थकबाकी तयार होते.

'आमच्याकडे दहा-बाराच माणसं आहेत, आम्हाला कसला कायदा?'

दहा हाच तर महत्त्वाचा आकडा. दहा माणसांपासून ईएसआय, ग्रॅच्युइटी आणि लैंगिक छळाची अंतर्गत समिती लागू होते. वीसपासून पीएफ आणि तक्रार निवारण समिती. पन्नासपासून पाळणाघर आणि ठेका कामगारांच्या तरतुदी. तीनशेपासून स्थायी आदेश, आणि कपात किंवा बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी. हा शेवटचा आकडा पूर्वी शंभर होता आणि 'काढणं सोपं झालं' या मेसेजचा उगम तिथे आहे. शंभरच्या खालच्या कारखान्याला ही परवानगी पूर्वीही लागत नव्हती. म्हणजे अंबडमधल्या तीस माणसांच्या युनिटसाठी या बाबतीत काहीच बदललेलं नाही.

ईएसआयमध्ये २१,००० पर्यंत पगार असणारे येतात, मालक ३.२५ टक्के, कर्मचारी ०.७५ टक्के. काही मालकांना हा खर्च वाटतो. कामावर बोटं गेली आणि माणूस ईएसआयमध्ये नसेल, तर उपचार आणि भरपाई मालकाच्या अंगावर येते. सातपूरचं कामगार विमा रुग्णालय कसंही वाटो, त्या ३.२५ टक्क्यांत अपंगत्वाची भरपाई आणि वारसांचं पेन्शनही येतं.

माणसं मोजताना ठेकेदाराचे धरायचे का? पीएफ-ईएसआयसाठी धरायचे. आठ आपले आणि पाच ठेकेदाराचे, म्हणजे तेरा.

दुकानदारांसाठी वेगळं. २०१७ च्या राज्य कायद्यात (शॉप ॲक्ट) मुळात दहापेक्षा कमी माणसं असतील तर नोंदणीऐवजी फक्त ऑनलाइन सूचना पुरत होती. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या कायद्याची मर्यादा वीसवर नेण्याला मंजुरी दिली. मात्र शॉप ॲक्टच्या कक्षेबाहेर असणं म्हणजे किमान वेतनाच्या बाहेर असणं नव्हे. मेन रोडवरच्या कापड दुकानात चार पोरं असली तरी त्यांना किमान वेतन द्यावं लागतं.

द्राक्षवाल्यांसाठीही एक सूचना. बागेत छाटणी करणारा मजूर शेतमजूर. पॅकहाउसमध्ये प्रतवारी आणि पॅकिंग करणाऱ्या बायका मात्र शेतीवर नाहीत. कारखान्याच्या व्याख्येतल्या उत्पादन प्रक्रियेत पॅकिंग पूर्वीपासून आहे. सुरगाणा-पेठकडून हंगामापुरत्या आलेल्या म्हणून त्यांची हजेरी वहीच्या मागच्या पानावर लिहायची, हे चालत नाही.

'तो आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे'

ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी शेवटी ज्याच्या आवारात काम चालतं त्या मूळ मालकावर येते. नंतर ठेकेदाराकडून वसूल करा, ते तुमचं तुम्ही. पीएफ आणि ईएसआयचंही तसंच. म्हणून ठेकेदाराचं बिल पास करण्याआधी त्या महिन्याची पीएफची आणि ईएसआयची चलनं, आणि त्यात आपल्याकडच्या माणसांची नावं आहेत का, हे बघणं हे एचआरचं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी काम. नुसतं चलन बघून भागत नाही. एका चलनावर तीन कंपन्यांना फिरवणारे ठेकेदार असतात.

पन्नास किंवा जास्त ठेका कामगार असतील तर आणखी एक अट येते. कारखान्याचं मुख्य काम ठेका कामगारांकडून करून घेता येत नाही. साफसफाई, पहारा, कँटीन, चढउतार ही मुख्य कामं नाहीत. अपवाद आहेत: ते काम त्या धंद्यात सहसा ठेक्यानेच होत असेल, दिवसाच्या मोठ्या भागासाठी माणूस लागत नसेल, किंवा ऑर्डर अचानक वाढून ठरलेल्या मुदतीत द्यायची असेल. 'अचानक' म्हणजे दर वर्षी बारा महिने नव्हे.

आणि मुळात, त्याला सुट्टी कोण देतो, काम कोण सांगतो, चुकलं तर ओरडतं कोण? हे सगळं तुमचाच सुपरवायझर करत असेल आणि ठेकेदार फक्त पगाराच्या दिवशी उगवत असेल, तर तो ठेका कागदापुरता आहे असा दावा होऊ शकतो आणि तो टिकूही शकतो.

'ट्रेनी', 'कन्सल्टंट' आणि 'सुपरवायझर'

सातपूर आयटीआयमधून आलेला मुलगा शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवायला कायद्याची पूर्ण मुभा आहे. किंबहुना तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. पण त्याचा करार पोर्टलवर नोंदवलेला हवा, मुदत ठरलेली हवी आणि शिक्षण खरं हवं. करार नाही, मुदत नाही, तीन वर्षं सीएनसी मशीन एकटा चालवतोय, आणि हजेरीपटावर 'ट्रेनी'? तो कामगार आहे.

कन्सल्टंटचं तसंच. टीडीएस कापला म्हणजे माणूस व्यावसायिक झाला असं नाही. वेळ तुम्ही ठरवता, लॅपटॉप तुमचा, रजा तुम्हाला विचारून, दुसरीकडे काम करायला बंदी, मग तो नोकरच.

सुपरवायझरची गोष्ट उलट्या बाजूने. औद्योगिक संबंध संहितेत 'कामगार' या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारे आणि १८,००० पेक्षा जास्त पगाराचे पर्यवेक्षक बाहेर आहेत. (पूर्वी हा आकडा १०,००० होता.) मालक म्हणतो, याचा पगार २५,०००, हुद्दा सुपरवायझर, म्हणजे हा कामगार न्यायालयात जाऊ शकत नाही. कोर्ट विचारतं: याच्या हाताखाली किती जण? रजा मंजूर करायचा अधिकार होता का? दिवसभर काय करायचा? स्वतःच मशीनवर उभा असेल तर १८,००० ची मर्यादा त्याला लागूच होत नाही.

सिंहस्थापुरती भरती

२०२६-२७ च्या सिंहस्थासाठी हॉटेलं, केटरर, वाहतूकदार, बांधकामवाले सगळे माणसं भरणार. 'सहा-आठ महिन्यांसाठी ठेवायचं, मग काय?' हा प्रश्न आत्ताच विचारलेला बरा.

त्याला नव्या कायद्यात सरळ वाट आहे: ठरावीक मुदतीची नेमणूक, म्हणजे फिक्स्ड टर्म. लेखी कराराने सुरुवातीची आणि शेवटची तारीख ठरवायची. मुदत संपली की नोकरी संपते, तिला कपात म्हणत नाहीत आणि कपातीची भरपाई लागत नाही. बदल्यात तेच काम करणाऱ्या कायम माणसाइतकाच पगार, तेवढेच तास, त्याच सवलती. एक वर्ष पूर्ण झालं तर प्रमाणात ग्रॅच्युइटीही. इतरांसाठी असलेली पाच वर्षांची अट इथे नाही.

गैरवापर कुठे होतो ते नाशिकच्या प्रत्येक कामगाराला ठाऊक आहे: 'ब्रेक देणे'. सात महिने काम, आठ दिवस घरी, पुन्हा नवं पत्र, असं सहा वर्षं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यात, कायमपणाचे फायदे मिळू नयेत म्हणून माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवणं ही स्वतंत्र अनुचित प्रथा म्हणून लिहिलेली आहे. काम बारमाही असेल तर माणूसही बारमाही ठेवावा. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, तुमच्या पॅकिंग लाइनवरचं काम रोज असतं.

काढायचं असेल तर

दोन रस्ते आहेत आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत.

काम कमी झालं, ऑर्डर गेली, म्हणून माणूस कमी करायचा असेल तर ती कपात. बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला सूचना. शेवटी आला तो आधी जातो, हा सर्वसाधारण नियम. तो मोडायचा तर कारण लिहून ठेवा. नव्या संहितेत पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाएवढी रक्कम मालकाने द्यायची आहे.

माणसाने चूक केली म्हणून काढायचं असेल तर ती शिस्तभंगाची कारवाई, आणि तिथे चौकशी लागते. छोट्या मालकाचा इथे ठाम आक्षेप असतो: 'चोरी करताना कॅमेऱ्यात सापडलाय, आता चौकशी कसली?' चौकशी त्याच्यासाठी जितकी आहे तितकीच तुमच्यासाठी आहे. उद्या कोर्टात तो म्हणणार की स्क्रॅप न्यायला मला साहेबांनीच सांगितलं होतं. चौकशीत त्याला ते म्हणण्याची संधी दिली असेल, साहेबांची साक्ष झाली असेल, त्याने उलटतपासणी घेतली असेल, तर तो मुद्दा तिथेच मिटतो. नसेल तर कोर्टात पहिल्यापासून सुरुवात, तीही काही वर्षांनी, तोवर साहेब नोकरी सोडून पुण्याला गेलेले असतात.

प्रक्रिया अवघड नाही. पहिलं, आरोपपत्र. 'तुमची वागणूक समाधानकारक नाही' हे आरोपपत्र नव्हे. तारीख, वेळ, जागा, काय केलं आणि ते सेवाशर्तींच्या कोणत्या कलमात बसतं, एवढं हवं. मराठीत लिहा, ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्या हाती इंग्रजी पत्र देऊन सही घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मग खुलाशाला वेळ. खुलासा पटला नाही तर चौकशी अधिकारी नेमा. तो तक्रारदार नको, साक्षीदार नको, ज्याने सापळा लावला तोही नको. कामगाराला सहकाऱ्याची मदत घेऊ द्या. दोन्ही बाजूंचे साक्षीदार, उलटतपासणी, रोजच्या कामकाजावर दोघांच्या सह्या. अहवालाची प्रत त्याला देऊन त्याचं म्हणणं घ्या. शेवटी शिक्षा, चुकीच्या प्रमाणात आणि मागचं रेकॉर्ड बघून. वीस वर्षं स्वच्छ काम केलेल्या माणसाला एका शिवीसाठी काढलं, तर शिक्षा कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे.

चौकशी चालू असताना निलंबित केलं तर निर्वाह भत्ता: पहिले ९० दिवस निम्मा पगार, नंतर उशीर कामगारामुळे नसेल तर ७५ टक्के. तीनशेच्या आतल्या आस्थापनेला स्थायी आदेश लागू नसले तरी आपल्या सेवाशर्तीत हेच माप लिहून ठेवलेलं बरं.

'मी काढलंच नाही, तोच यायचा बंद झाला'

हा बचाव इतका वापरला गेलाय की तो ऐकून न्यायाधीशांच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नसेल. माणूस न सांगता गैरहजर राहिला म्हणजे त्याने नोकरी सोडली असं आपोआप होत नाही. सोडण्याचा हेतू दिसावा लागतो आणि तो दाखवायचा मालकाने. त्याच्या शेवटच्या पत्त्यावर कामावर हजर राहण्याचं पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं). उत्तर नाही आलं तर दुसरं. मग गैरहजेरीचं आरोपपत्र आणि तो आला नाही तर एकतर्फी चौकशी. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या तर ठेवा जपून, पण त्याच्या भरवशावर पत्र टाळू नका.

गेटवर अडवून 'उद्यापासून येऊ नको' म्हणायचं आणि कागदावर गैरहजर दाखवायचं, हा प्रकार उघडा पडतो तो त्याच गेटच्या रजिस्टरमुळे. आणि कोऱ्या कागदावर आधीच सही घेऊन ठेवलेल्या राजीनाम्याबद्दल तर बोलायलाच नको. राजीनाम्याची तारीख एका शाईत आणि सही दुसऱ्या शाईत असली की प्रकरण पुढे कसं जाणार हे सांगायला वकील लागत नाही.

शेवटचा हिशेब: दोन कामाचे दिवस

'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' ही अनेक कंपन्यांची पद्धत. वेतन संहितेनुसार माणसाला काढलं असो, कपात केली असो किंवा त्याने राजीनामा दिला असो, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. एचआरने आपला सगळा वेळापत्रकाचा कागद बदलायला हवा तो इथे: लॅपटॉप परत, ॲडव्हान्सचा हिशेब, शिल्लक रजा, हे शेवटच्या आठवड्यातच उरकायचं.

कापाकापीलाही मर्यादा आहे. एकूण कपात वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त नाही. दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, आणि तोही म्हणणं ऐकून घेतल्यावर. पाच मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट, हा नियम कुठल्याच संहितेत नाही.

'बाँड लिहून घेतलाय की!'

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, किमान सेवाकाळाचा बाँड हा धंद्याला मज्जाव ठरत नाही, असं सांगितलं. तिथे तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख रुपये अशी अट होती. म्हणजे वाजवी बाँड टिकतो. पण नोकरी सोडल्यावर दोन वर्षं नाशिकमधल्या कुठल्याही स्पर्धक कंपनीत जाऊ नको, ही अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. आणि मूळ मार्कशीट अडकवून ठेवण्याचा हक्क कोणत्याही कामगार कायद्याने मालकाला दिलेला नाही.

'बायका ठेवल्या की खर्च वाढतो'

भरतीत स्त्री म्हणून नाकारणं वेतन संहितेतच निषिद्ध आहे, हे आधी. खर्चाचं म्हणाल तर आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या महिलेला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण ती ईएसआयमध्ये असेल तर ते पैसे ईएसआय महामंडळ देतं. दहा माणसांच्या दुकानात ईएसआय टाळणाराच मग प्रसूती रजेच्या खर्चाबद्दल ओरडतो.

रात्रपाळी संमतीने आणि वाहतूक-सुरक्षेच्या व्यवस्थेसह चालते. अंतर्गत समितीत अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक बाहेरची व्यक्ती हवी. नोटीस बोर्डावर नावं हवीत. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार, ९० दिवसांत चौकशी. समितीच नसेल तर ५०,००० पर्यंत दंड. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, म्हणजे 'आमच्याकडे तक्रार करायला जागाच नाही' असं तिथेही म्हणता येत नाही.

सिद्ध कोणी करायचं?

इतर दाव्यांत जो मागतो त्याने सिद्ध करायचं. वेतन संहितेत उलट आहे: पगार दिला नाही किंवा कमी दिला असा दावा आला, तर दिला हे दाखवण्याचं ओझं मालकावर. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि दाव्याच्या दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. रोख पाकिटात पगार देणाऱ्याकडे यावर काय उत्तर असतं? 'सगळ्यांना माहीत आहे मी देतो.'

म्हणून नेमणूकपत्र, हजेरीपट, ओव्हरटाइमच्या तासांसह पगारपत्रक, पगाराची चिठ्ठी, बँकेतून पगार. ओव्हरटाइम दुप्पट दराने आणि कामगाराच्या संमतीने. आठवड्याला ४८ तासांच्या पुढचं काम 'ॲडजस्ट' करण्याच्या वेगळ्या वहीचा खेळ धोक्याचा आहे, कारण ती वही बाहेर आली की मालकाविरुद्धचा उत्तम पुरावा तीच ठरते.

आणि एचआरचं काय?

हा प्रश्न एचआरवाले सहसा विचारत नाहीत. 'एचआर एक्झिक्युटिव्ह' म्हणून २२,००० वर काम करणारी मुलगी हजेरी भरते, चलनं अपलोड करते, पत्रं टाइप करते. भरतीचा निर्णय तिचा नाही, रजा मंजुरी तिची नाही, तिच्या हाताखाली कोणी नाही. हे लिपिकाचं काम आहे आणि लिपिकाचं काम करणारा कामगाराच्या व्याख्येत पगाराच्या कुठल्याही मर्यादेशिवाय येतो. म्हणजे इतरांच्या आरोपपत्रांवर शिक्के मारणाऱ्या तिला उद्या एका मेलवर घरी बसवलं, तर तिची नोटीस, तिची भरपाई आणि तिची चौकशी शॉपफ्लोअरवरच्या ऑपरेटरसारखीच मोजली जाईल, तिच्या नेमणूकपत्रावर 'मॅनेजमेंट कॅडर' असं ठळक अक्षरात छापलेलं असलं तरी.